अमेरिकेत कुरिअरने येणारे जुने गुलाब: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

जुन्या गुलाबांची रोपं कुरिअरने मागवावीत का? ह्यूस्टन, ऑस्टिन किंवा सॅन होजेकडे राहणाऱ्यांनी खुशाल मागवावीत. न्यू जर्सी, शिकागो, मिनियापोलिसवाल्यांनीही मागवावीत, पण कॅटलॉगमधली निम्मी नावं आधी खोडून. फ्लोरिडाच्या वाळूत मात्र जरा थांबा, तिथे ही रोपं ज्या पद्धतीने तयार करून विकतात तीच आडवी येते. तक्रारींचे अभिप्राय वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: 'रोप मेलं, नर्सरी बोगस' म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी चांगलं रोप चुकीच्या हवेत लावलेलं असतं. कॅटलॉगमधला फोटो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी गुलाबाचा वर्ग बघायचा.

जुना म्हणजे किती जुना? अमेरिकन रोझ सोसायटी 1867 हे साल धरते. त्या वर्षी फ्रान्सच्या ग्यियो यांचा 'ला फ्रान्स' हा गुलाब आला आणि हायब्रिड टी, म्हणजे आजच्या फुलवाल्याकडच्या लांब देठाच्या गुलाबांचा वर्ग, सुरू झाला. त्याआधी जे वर्ग अस्तित्वात होते ते सगळे जुने: गॅलिका, डमास्क, आल्बा, सेंटिफोलिया, मॉस, पोर्टलंड, चायना, टी, नॉइझेट, बुर्बों, हायब्रिड पर्पेच्युअल. अट वर्गाला आहे, त्यामुळे 1901 सालची 'मिसेस बी. आर. कँट' टी वर्गातली म्हणून जुन्यात मोडते. 'हेअरलूम' या शब्दाला मात्र असा कुठलाही आधार नाही. ज्याला वाटेल तो, वाटेल त्या रोपावर ते लेबल लावतो, आणि बऱ्याचदा नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असा प्रकार निघतो. इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिनने संकरातून तयार केलेले इंग्लिश गुलाबही अनेक ठिकाणी याच सदरात घुसवलेले दिसतात. त्यांची सुरुवात 1961 च्या 'कॉन्स्टन्स स्प्राय'पासून झाली. फुलाचा चेहरा जुन्या वळणाचा आहे, सुगंधही उत्तम आहे, पण थंडी-उन्हात ते कसे वागतील याचा अंदाज जुन्या वर्गांवरून बांधता येत नाही.

धंद्यातली नावं मोजकीच आहेत. टेक्सासमधल्या इंडिपेंडन्स या गावची अँटिक रोझ एम्पोरियम 1980 च्या दशकात माइक शूप यांनी उभी केली. जुनी कब्रस्तानं, पडक्या शेतघरांची कुंपणं इथे कुणी पाणी न घालता टिकलेले गुलाब शोधून त्यांच्या फांद्या आणणारी 'टेक्सास रोझ रस्लर्स' मंडळी आणि ही नर्सरी यांच्यामुळेच दक्षिणेत टी आणि चायना गुलाब पुन्हा अंगणात आले. दोन गॅलनच्या कुंडीतलं दणकट रोप ही या नर्सरीची ओळख. ओरेगनच्या सेंट पॉलमधली हेअरलूम रोझेस आणि साउथ कॅरोलायनाच्या लॉरेन्समधली रोझेस अनलिमिटेड यांची रोपं साधारण एक गॅलनची. कोलोराडोची हाय कंट्री रोझेस लहान कुंड्यांत पाठवते आणि तिच्या यादीचा भर थंडी सोसणाऱ्या जातींवर आहे. ओरेगनचीच रोग व्हॅली रोझेस दुर्मिळ नावांसाठी ओळखली जाते. हा व्यवसाय बहुतेक ठिकाणी एका कुटुंबाच्या खांद्यावर चालतो, मालक थकला की यादीही जाते. कॅलिफोर्नियातली सबॅस्टोपोलची व्हिंटेज गार्डन्स 2013 मध्ये बंद झाली तेव्हा कितीतरी नावं बाजारातून एकदम दिसेनाशी झाली. हवी ती जात 'स्टॉकमध्ये आहे' असं दिसली तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

ओन-रूट आणि कलम

वर दिलेल्या नर्सऱ्यांचा भर ओन-रूट रोपांवर, म्हणजे फांदी रुजवून तिच्याच मुळांवर वाढवलेल्या रोपांवर असतो. आपल्याकडे डोळा भरलेलं कलम घ्यायची सवय असते, त्यामुळे हातात आलेली काडीएवढी चीज बघून फसवल्यासारखं वाटतं. 'बँड' नावाची जी सगळ्यात स्वस्त कुंडी असते ती सुमारे तीन इंच चौकोनी आणि पाच-साडेपाच इंच उंच, नळीसारखी. तिच्यात पेन्सिलीपेक्षा बारीक दोन-तीन काड्या असतात. हा माल असाच असतो. त्याला भरायला दोन ते तीन हंगाम लागतात. गॅलनचं रोप एक हंगाम वाचवतं, पण वजनामुळे कुरिअरचा खर्च चढतो आणि रोपाच्या किमतीचा बराच भाग त्यातच जातो. तीन-चार रोपं एका खोक्यात मागवली की हिशोब जरा बरा बसतो.

इतका धीर का धरायचा? कडक थंडीत झाड जमिनीपर्यंत मेलं तरी मुळातून येणारी फूट त्याच जातीची असते. कलमी झाड असं मेलं की खालचा खुंट फुटतो. अमेरिकेत हा खुंट बहुधा 'डॉक्टर ह्यूई' असतो. वसंतात एकदाच येणारी गडद तांबडी, अर्धवट दुहेरी फुलं, लांब लवचिक फांद्या आणि उन्हाळाअखेर काळ्या ठिपक्यांनी झडलेली पानं. कितीतरी अंगणांत 'आमच्या पिवळ्या गुलाबाचा रंग बदलला' असं कौतुकाने सांगतात, तो रंग बदललेला नसतो, पिवळा गुलाब केव्हाच गेलेला असतो. एका देठावर सात पानं म्हणजे जंगली फूट या नियमावर विसंबू नका. जुन्या गुलाबांना सात पानं सर्रास येतात. फूट कलमाच्या गाठीच्या खालून निघाली आहे का, एवढंच बघायचं.

आणखी एक फायदा मोझॅक विषाणूचा. वसंतातल्या पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा दिसतात तो हा. तो मुख्यतः रोगट डोळा किंवा रोगट खुंट वापरल्याने पसरतो. ओन-रूट रोपात खुंटाकडून येणारा धोका नाही, मात्र मातृवृक्षच रोगट असेल तर तो येणारच. मागवण्यापूर्वी नर्सरीला ईमेलने विचारा की मातृवृक्ष विषाणूमुक्त आहेत का. सरळ उत्तर देणाऱ्या नर्सरीकडून घ्या.

खोकं आल्यावर

हवामान बिघडवतं त्याहून जास्त रोपं पहिल्या पंधरा दिवसांतली घाई मारते. सोमवारी किंवा मंगळवारी निघणारं पार्सल मागा, म्हणजे शनिवार-रविवारी ते गोदामात शिजत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उष्ण भागात मागवूच नका, नर्सरी पाठवायला तयार असली तरी.

खोकं आलं त्याच दिवशी उघडा. कुंडीवरचं प्लॅस्टिक आणि टेप काढा, माती बोटाने दाबून बघा. कोरडी असेल तर कुंडी बादलीतल्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग तीन-चार दिवस उजेडाच्या सावलीत, नंतर तीन-चार दिवस सकाळचं कोवळं ऊन, आणि मग पूर्ण ऊन. या काळात खालची पानं पिवळी पडून गळतात. ते अंधाराचं आणि उकाड्याचं लक्षण, त्यासाठी फवारणी नको. काळजीची खूण वेगळी: काडी टोकाकडून तपकिरी होत खाली येते. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे. पेराखालीही तपकिरी असेल तर तेवढ्यात फोटो काढून नर्सरीला पाठवा. बदली किंवा परताव्याच्या तक्रारीची मुदत अनेक ठिकाणी काही दिवसांचीच असते आणि ती खोकं पोचल्यापासून मोजतात. लेबल आणि ऑर्डरचं नावही तेव्हाच ताडून बघा. नावांची अदलाबदल हा या धंद्यातला जुनाच दोष आहे, पण तो सिद्ध व्हायला पहिलं फूल यावं लागतं. म्हणून लेबल टाकून देऊ नका.

बँडमधलं रोप थेट जमिनीत लावायचं नाही. एक गॅलनच्या कुंडीत, मुळं कुंडीच्या छिद्रांतून डोकावली की तीन गॅलनच्या कुंडीत, आणि मग जमिनीत. यात आठ ते बारा आठवडे जातात. एवढ्या छोट्या मातीच्या गोळ्याला अंगणातली चिकण माती चहूबाजूंनी भिडली की पाणी एक तर आत शिरत नाही नाहीतर साचून राहतं. या दिवसांत येणाऱ्या कळ्या खुडा. जीव कळवळतो, पण खुडा. नवी फूट चार-पाच इंच होईपर्यंत खत नाही, त्यानंतरही लेबलवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं.

गॅलनचं रोप थंडीचा धोका संपल्यावर थेट लावता येतं. खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली कुंडीएवढी. तळाशी खत भरू नका, रोप नंतर खचतं. वर तीन इंच पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या चिपांचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. वाढत्या दिवसांत आठवड्याला एक इंच पाणी, म्हणजे नव्या रोपाला अंदाजे तीन ते पाच गॅलन, एक-दोन वेळेत खोलवर. रोज शिंपडलेलं पाणी मुळांना वरच ठेवतं.

ह्यूस्टन ते फ्लोरिडा

दमट उकाडा आणि नावापुरती थंडी. इथे टी, चायना, नॉइझेट आणि पॉलिअँथा (छोट्या फुलांच्या घोसांचा वर्ग) यांचं राज्य. गॅलिका आणि आल्बा इथे विसरा. त्यांना फुलायला थंडीची पुरेशी विश्रांती लागते, ती मिळाली नाही की नुसता पाला येतो.

हमखास चालणारी नावं: 'म्युटाबिलिस', फूल उमलताना पिवळसर, मग गुलाबी, शेवटी किरमिजी, आणि तिन्ही रंग एकाच झुडपावर एकाच वेळी. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या 'अर्थ-काइंड' चाचण्यांत फवारणीशिवाय टिकलेल्या जातींत ती आहे, 1857 ची 'डचेस द ब्राबां' आहे, 'मादाम आंत्वान मारी' आहे आणि छोट्या जागेसाठी 1884 ची 'पेर्ल दोर' आहे. पहिला जुना गुलाब घेणाऱ्याने यांतलाच एक घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. चायना वर्गातली 'ओल्ड ब्लश' त्यांच्याच पंगतीतली. हे चिनी गुलाब युरोपला जाताना कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून गेले, म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणत.

आता इथली फसगत: 1843 ची 'सुव्हेनीर द ला माल्मेझों'. फोटो बघून सगळे हीच मागवतात. कोरड्या हवेत तिचं फूल अप्रतिम उमलतं, पण दमट आठवड्यात बाहेरच्या पाकळ्या चिकटून कळी उघडतच नाही, जागेवर तपकिरी गोळा होतो. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर वसंत आणि शरदातले काही आठवडे सोडले तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

ह्यूस्टनची काळी चिकण माती पावसात डबकं आणि उन्हात वीट. आठ-दहा इंच उंच वाफा करा. ते जमत नसेल तर तीन इंच एक्स्पांडेड शेल म्हणजे भाजून फुगवलेली खडी वरच्या सहा इंच मातीत मिसळा, त्यावर तीन इंच कंपोस्ट. लागवडीचा उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. टी गुलाब सहा-सात फुटांचे होतात, दोन झाडांत सहा फूट अंतर ठेवा. त्यांना हायब्रिड टीसारखं गुडघ्याएवढं छाटलं की ती रुसतात, कधी मरतातही. फेब्रुवारीच्या मध्याला वाळकं काढा, फार तर एक तृतीयांश उंची कमी करा, बस्स.

काळे ठिपके हा इथला कायमचा पाहुणा. पान सलग सात-एक तास ओलं राहिलं की बुरशी आत शिरते. म्हणून संध्याकाळी पाणी नको, स्प्रिंकलर तर नकोच. ठिबक लावा. टी-चायना गुलाब थोडी पानं गाळतात आणि पुन्हा फुटतात, त्यांना दर आठवड्याला फवारण्याची गरज नाही. भर उन्हाळ्यात कोवळी पानं तांबूस, आखडलेली, कडक दिसली तर ते मिरचीवरचे फुलकिडे. टोकं दोन पेरांपर्यंत खुडून पिशवीत बांधून टाका आणि स्पिनोसॅड हे कीटकनाशक फवारा, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

फेब्रुवारी 2021 च्या गारठ्यात ह्यूस्टनचा पारा उणे 10 सेल्सिअसपर्यंत उतरला होता. असा धक्का बसला तर लगेच कात्री घेऊन धावू नका. मार्चअखेरपर्यंत थांबा, फूट कुठून येते ते दिसू द्या, मग त्याच्या वरचं काढा.

फ्लोरिडाची अडचण वेगळी. तिथल्या वाळूत मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमी असतात आणि कित्येक ओन-रूट जाती त्यांच्यापुढे टिकत नाहीत. वनस्पती-संग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून आणलेल्या 'फॉर्च्युनियाना'च्या खुंटावरचं कलम तिथे कैक पटींनी चांगलं वाढतं. म्हणजे वर ओन-रूटचं जेवढं गुणगान केलं ते मध्य आणि दक्षिण फ्लोरिडापुरतं मागे. फक्त या खुंटाची मुळं उथळ पसरतात, वादळाच्या दिवसांत झाडाला भक्कम खांब लागतो, आणि कडक थंडीत हा खुंट चालत नाही. ओहायोतल्या भावाला तो भेट पाठवू नका.

फिनिक्स

उन्हाळ्यात 43-45 अंश, माती चुनखडीची, पाणी खारट. टी आणि चायना इथेही चालतात, पण दुपारनंतर सावली हवी. गडद लाल फुलांच्या कडा उन्हात करपतात, फिकट रंग घ्या. ओन-रूट रोपाची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर लोहाची कमतरता. अशा अल्कलीयुक्त जमिनीत साधं फेरस सल्फेट मातीतच अडकतं, ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड आयर्न घ्या. महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून साठलेले क्षार मुळांखाली ढकलायचे. पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी दिसला की सकाळी जोरदार पाण्याचा फवारा पुरतो. लागवड ऑक्टोबर ते फेब्रुवारी, त्यापुढे नाही.

फिनिक्सच्या या ॲरिझोना राज्यात एक गुलाब मात्र बघून यावा असा आहे. टूमस्टोन गावात 1885 मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या रोपापासून वाढलेली पांढरी 'लेडी बँक्स' आता मांडवावर पाच हजार चौरस फुटांहून जास्त पसरली आहे. हीच जात सहा फुटी कुंपणाशी लावायला निघालेल्यांनी तो मांडव आधी बघावा.

न्यू जर्सी आणि आसपास

इथे पारा उणे 15 ते 18 पर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे टी आणि नॉइझेट बाद. पण खरा प्रश्न थंडीचा नाही, जपानी भुंगेऱ्यांचा आहे. अमेरिकेत हे भुंगेरे पहिल्यांदा सापडले ते 1916 मध्ये, न्यू जर्सीतल्याच रिव्हरटनमध्ये. जूनअखेरीपासून ऑगस्टपर्यंत ते फुलं पोखरतात. वर्षभर फुलतात म्हणून ज्या जाती महाग विकल्या जातात, त्यांचा ऐन उन्हाळ्यातला बहर इथे भुंगेऱ्यांच्याच पोटात जातो.

म्हणून इथे एकदाच फुलणारे गुलाब घ्या, हे आमचं मत, आणि विक्रेते ते सांगत नाहीत. गॅलिका, डमास्क, आल्बा जूनच्या सुरुवातीला तीन-चार आठवडे फुलून भुंगेरे यायच्या आत मोकळे होतात. 1832 ची 'मादाम हार्डी' घ्या. शुभ्र, चपटं, गच्च पाकळ्यांचं फूल, आणि मधोमध मटाराएवढा हिरवा ठिपका. जवळ जाऊन बघितल्याशिवाय तो दिसत नाही. 'शार्ल द मिल्स'चा जांभळट किरमिजी रंग फोटोत कधीच नीट येत नाही. अर्धी सावली असेल तर 1826 ची 'क्योनिगिन फॉन डेनमार्क'. बुर्बों वर्गातली 'लुईझ ओदिए' पुन्हा पुन्हा फुलते, पण काळ्या ठिपक्यांसाठी फवारणीची तयारी ठेवा.

आता पुणे-नाशिकची सवय इथे नडते ती गोष्ट. आपल्याकडे पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये छाटणी, आणि दीड-पावणेदोन महिन्यांत फुलं. इथे ऑक्टोबरमध्ये छाटलं तर कोवळी फूट निघते आणि पहिल्या दहिवराला काळी पडते. वसंतात छाटलं तर एकदाच फुलणाऱ्या जातींच्या जुन्या लाकडावरचा सगळा बहर कात्रीत जातो. 'तीन वर्षं झाली, एक फूल नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच वसंतातली छाटणी असते. या वर्गांना जूनअखेर, बहर ओसरल्यावर छाटा. सर्वांत जुन्या दोन-तीन फांद्या बुडापासून काढा, बाकीच्यांना हात लावू नका.

भुंगेऱ्यांचे पिवळे सापळे अंगणात लावू नका, शेजारचेही तुमच्याकडे येतात. सकाळी ते सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्यात झटका. आणि रोझ रोझेट हा रोग ओळखायला शिका: एकाच ठिकाणी झाडूसारख्या दाट, लालभडक फांद्या आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त काटे. सूक्ष्म कोळी वाऱ्याबरोबर हा विषाणू आणतो, मल्टिफ्लोरा हा रानटी गुलाब जवळ असेल तर जास्त. उपाय नाही. मुळासकट उपटा, पिशवीत बांधा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

मिनेसोटा, शिकागो

उणे 25-30 मध्ये गॅलिका, आल्बा आणि रुगोझा उघड्यावर तग धरतात. 1905 ची 'हान्सा' आणि 1892 ची 'ब्लां दुब्ल द कूबेर' या रुगोझा इथे बिनघोर लावा, लवंगेची झाक असलेला सुगंध आणि भरपूर काटे. रुगोझाच्या पानांवर बुरशीनाशक मारू नका, पानं जळतात. ओन-रूट रोप कुंडीतल्या पातळीपेक्षा दोन-तीन इंच खोल लावा. कलमी असेल तर गाठ चार ते सहा इंच खाली जायला हवी. ऑगस्टच्या मध्यानंतर खत बंद. आच्छादन जमीन गोठल्यावर घाला, आधी घातलं तर उंदरांना उबदार घर मिळतं. खोडाभोवती दीड-दोन फूट उंच जाळी लावा, सशांसाठी.

सॅन होजे आणि परिसर

कोरडा उन्हाळा, सौम्य हिवाळा. यादीतलं जवळपास काहीही वाढतं, त्यामुळे इथे चूक जागेची होते: कॅटलॉगमध्ये चार फूट लिहिलेली टी सॅन होजेत आठ फुटांची होते. समुद्राजवळच्या गावांत भुरी आणि तांबेरा. पानाखाली नारिंगी पुटकुळ्या दिसल्या की ती पानं वेचून कचऱ्यात. मागवण्याआधी सॅन होजेच्या हेरिटेज रोझ गार्डनमध्ये एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत एक फेरी मारा. हजारो जाती नावानिशी लावलेल्या आहेत, प्रवेश मोफत आहे, झाडाचा खरा आकार आणि वास तिथेच कळतो. पूर्वेकडच्या काही नर्सऱ्या कीड-नियंत्रणाच्या नियमांमुळे कॅलिफोर्निया आणि आसपासच्या राज्यांत पाठवत नाहीत. पैसे भरण्याआधी तपासा.

गुलकंदासाठी

मराठी घरांतून हमखास येणारा प्रश्न: आपल्या गावठी गुलाबासारखा वास कशात मिळेल? डमास्क वर्गात. न्यू जर्सी, शिकागोकडे 'कझानलिक', वर्षातून एकदाच पण भरपूर. ह्यूस्टनकडे 'ऑटम डमास्क', तिथे बहर कमी येतो आणि पावसाळी दिवसांत पानांवर ठिपके पडतात, हे धरून चला. बाल्कनीत कुंडीच लावायची असेल तर 'रोझ द रेश्त', तीन फुटांचं आटोपशीर झुडूप, पंधरा गॅलनच्या कुंडीत सुखाने राहतं आणि पुन्हा पुन्हा फुलतं.

हिशोब आधीच करा. डमास्कच्या एका फुलाच्या पाकळ्या दोन-अडीच ग्रॅम भरतात, म्हणजे पाव किलो पाकळ्यांना शंभरेक फुलं. तिसऱ्या वर्षापर्यंत एका झाडाकडून एवढं मागू नका, आणि मागायचंच असेल तर तीन झाडं लावा.

पहिल्या हंगामातल्या पाकळ्या खाऊ नका. शोभेच्या रोपांना काही ठिकाणी इमिडाक्लोप्रिडसारखं अंतर्प्रवाही कीटकनाशक दिलेलं असतं, ते झाडात मुरतं, धुऊन जात नाही. ऑर्डर देतानाच नर्सरीला लिहून विचारा. मोठ्या दुकानांतलं 'थ्री इन वन' गुलाब खतही या झाडांना नको, त्यातही बऱ्याचदा हेच असतं. आणि गावाकडची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेतून आणायचा विचार असेल तर तो सोडा. गुलाबाची जिवंत फांदी अमेरिकेत आणायला आयात परवाना, आरोग्य प्रमाणपत्र आणि विलगीकरण लागतं, आणि विमानतळावर सापडली तर फांदीबरोबर दंडही भरावा लागतो.